सासऱ्याचे पाय

टेलिफोनची घंटी वाजली का माह्यं डोकं फिरते. रोग्याले मी भेत नाई, रक्ताले नाई, घाणीले नाई. पण तो काळा डबा वाजला का वाटते, उचलावा अन् विहिरीत टाकावा. आता हेच पाहा. तिकडं माणूस मरून राह्यला असते, अन् फोन करणारा पह्यले विचारते, "कोण बोलून राह्यलं?" मी सांगते, दवाखाना. तो म्हणते, "कोणता दवाखाना?" अरे बाप्पा, तूच लावला ना फोन? मंग म्हणते, "डॉक्टरसाहेबाले द्या." डॉक्टर नाई. "कवा येतीन?" मंग ऊन किती पडलं, वणीत कापसाच्या गाड्या आल्या का, हे सारं झाल्यावर हळूच सांगते, "काई नाई बाई, आमचा भाऊ सकाळपासून बेशुद्ध हाये." असं वाटते का त्या तारेतून हात घालावा अन् कान धरावा.

सांगून राह्यली ती गोष्ट बासष्ट सालच्या धुळवडीची. वणीच्या त्या दवाखान्यात नर्स म्हणून लागून मले तीन वर्षं झाली होती. माह्या बापानं छप्पन साली नागपुरात दीक्षा घेतली अन् घरी आल्याबरोबर माईले सांगतलं, कौसल्याचं शिक्षण आता थांबवायचं नाई. म्हणून मी नर्स झाली. नाईतं गेलीच असती कोणाच्या तरी चुलीपुढं. बापाचा मले अभिमान हाये, पण फोन उचलायचं काम माह्याकडं येईन हे त्यालेही ठाऊक नवतं.

उकंडाचं नाव घेतल्याशिवाय पुढचं सांगता येत नाई, म्हणून घेते. आदल्या हिवाळ्यात राजूरच्या अलीकडच्या एका खाणीतून फोन आला. खाणीचे हजेरीबाबू बोलत होते, फुलचंद. म्हणे, "आमचा उकंडा नावाचा मजूर हाये. बाजारात गेलता, तिथीच लोळून राह्यला. बोबडं बोलते. दारू पेला असंल. काय करू?" माह्यासमोर अडलेली बाळंतीण होती, डॉक्टर आतून हाका मारून राह्यले होते. मी काय विचारलं? काईच नाई विचारलं. म्हटलं, "चिंचेचं पाणी पाजा अन् झोपू द्या. उतरंल." अन् फोन ठेवून देल्ला.

त्याइनं पाजलं. चार जणांनी धरून चांगलं गडवाभर पाजलं. ते पाणी पोटात गेलंच नाई, छातीत गेलं. सांजच्याले बैलगाडीत घालून आणलं तवा ओठ निळे पडले होते. डॉक्टरनं तपासलं. दारूचा वास बी नवता. मेंदूतली नस फुटली होती, अर्धं अंग गेलं होतं अन् गिळायची ताकद गेली होती. "नस फुटल्यावर जगला असता का नाई ते सांगता येत नाई," डॉक्टर म्हणाले, "पण मेला तो पाण्यानं."

मले ते एक शब्द रागावले नाई. रागावले असते तं बरं झालं असतं. एका कागदावर त्याइनं प्रश्न लिहिले अन् फोनच्या वर भिंतीले चिकटवून देल्ले. एकदम झालं का हळूहळू. डोकं धरलं का, ओकला का. दात दाखव म्हटलं तं तोंड एकीकडं जाते का. दोन हात, दोन पाय सारखे हालतात का. अन् खाली लाल शाईनं, तोंडात काई घालू नका. नवव्या दिवशी उकंडाची बायको आली. तिनं माह्या ओंजळीत बोरं टाकली अन् म्हणे, "डॉक्टर कामात होते तरी तुम्ही औषध तं सांगतलं बाई." मी ती बोरं घेतली. खरं सांगायची हिंमत झाली नाई माही.

तं धुळवड. डॉक्टर सकाळीच जीप घेऊन मारेगावले गेलते, तिथी एक बाई फार अडली होती. कंपाउंडर भांग पेऊन बाकड्यावर पडला होता अन् स्वतःशीच हासत होता. अकराच्या सुमारास घंटी वाजली. एक्स्चेंजवरचा रामधन म्हणे, "राजूरकडून खाणीचा फोन हाये बाई, बोला."

"हॅलो, कोण बोलून राह्यलं?" फुलचंदबाबूच होते.

"दवाखाना. काय झालं ते सांगा."

"डॉक्टरसाहेबाले द्या."

"डॉक्टर मारेगावले गेले. मी कौसल्याबाई."

"मंग राहू द्या. काई खास नाई."

"खास नाई तं फोन कायले लावला?"

"मी कुठी लावत होतो. इथी नाल्यापलीकडं तांडा हाये ना, तिथली एक सून येऊन बसली माह्या हापिसात. हटूनच नाई राह्यली. तिचा सासरा नेमसिंग झिंगून पडला. आता धुळवडीच्या दिवशी सारा तांडाच झिंगलेला, मी कोणाकोणासाठी फोन लावू? म्हटलं एकदाचा लावून देतो, म्हणजे जाईन घरी."

मी विचारलं, "त्याले काई पाजलं का?"

"अजून नाई. चिंच भिजू घातली म्हणे बुढीनं."

भिंतीवरचा कागद डोळ्यासमोर होता, पण अक्षरं दिसत नवती. मी म्हटलं, "फुलचंदबाबू, नीट ऐका. चिंच नाई, पाणी नाई, ताक नाई, काई नाई पाजायचं. आता मले सांगा, त्याचं तोंड वाकडं झालं का?"

"मी इथी हापिसात, तो तिथी तांड्यात. मले काय दिसते?"

"येता-जाता पाह्यला असंल ना?"

"लांबून पाह्यला. लिंबाखाली पडला होता. तोंडभर रंग फासला हाये पोरीसोरीनं, त्यात वाकडं काय अन् सरळ काय."

"सुनेले द्या फोन."

"तिले काय कळते?"

"तुमच्यापेक्षा जास्त कळत असंल. द्या तिले."

बराच वेळ खडखड ऐकू आली. मंग काईच नाई. मी हॅलो म्हणून राह्यली, हॅलो म्हणून राह्यली. शेवटी दुरून फुलचंदचा आवाज आला, "अवं उलटा धरला तू. ऐकायचं वर, बोलायचं खाली." मी कपाळ धरलं. मंग एक बारीक आवाज आला.

"बाई?"

"हो, बोल. नाव काय तुह्यं?"

"जमनी."

"जमनी, सासऱ्याले काय झालं? पह्यल्यापासून सांग, पण लवकर सांग."

जमनीनं चांगलं सांगतलं, देवाशपथ. फुलचंदनं वरून खाली शंभर गोष्टी सांगतल्या असत्या, हिनं चार सांगतल्या. सासरा लिंबाखाली दोर वळत बसला होता. "आच्छा बसला होता बाई, लेंगी म्हणून राह्यला होता." लेंगी म्हणजे त्याइचं होळीचं गाणं. मधातच गाणं थांबलं. त्यानं दोन्ही हातांनी डोकं धरलं, "म्हारो माथो" म्हणून ओरडला, ओकला, अन् आडवा झाला. दोर अजून बोटाले गुंडाळलेलाच होता.

"दारू पेला होता?"

"नाई पेत तो. भगत हाये. तांड्यात साऱ्याइले ठाऊक हाये."

"मंग तुह्या सासूले ठाऊक नाई का?"

"सासू म्हणते, कोणीतरी फसवून पाजली. धुळवड हाये म्हणून."

आता पाहा. नवरा जलमभर पेला नाई, बायकोले माहीत, साऱ्या तांड्याले माहीत, पण धुळवडीले माणूस पडला का दारूच. दुसरं काई होऊच शकत नाई. मी म्हटलं, "बरं. आता त्याचं तोंड कसं दिसते ते सांग. एका बाजूनं लोंबते का?"

तिकडून नुसत्या बांगड्या वाजल्या.

"अवं जमनी, तोंड. ओठाचा कोपरा खाली आला का? एका बाजूनं लाळ गळते का?"

"मी कसं सांगू बाई?" ती म्हणे. "मी सासऱ्याचं तोंड नाई पाह्यलं."

"आज नाई पाह्यलं?"

"कधीच नाई पाह्यलं. चार साल झाले लगनाले."

खोटं कायले सांगू, मले त्या वेळी इतका राग आला का वाटलं, फोन भिंतीवर आपटावा. मी बोलली बी. "चार वर्षं एका चुलीवरचं खाऊन राह्यली अन् माणसाचं तोंड नाई पाह्यलं? डोळे कायले देल्ले तुले? तिकडं त्याचा जीव चालला अन् तुह्या घुंगटाची लाज मोठी झाली का? कायचा धर्म हाये हा?" अजून बी काईबाई बोलली. रामधन एक्स्चेंजवर ऐकत होता, तो मधातच खाकरला. मी त्याले म्हटलं, "तू लाइन धर, खाकरू नको."

जमनी काई रडली नाई. सारं ऐकून घेतलं अन् हळूच म्हणे, "पाय पाह्यले बाई. पायाचं सांगू का?"

खरंच तं होतं. चार वर्षं जी बाई मान खाली घालून पाणी देते, भाकर देते, तिले त्या माणसाचे पायच माहीत. दुसरं काय दिसंल तिले?

"सांग," मी म्हटलं.

"डाव्या पायाले भेगा जास्त हायेत. उजव्याचं करंगळीचं नख नाई, बैलानं तुडवलं होतं. तो निजला का दोन्ही पाय वर राह्यते, अंगठे आभाळाकडं. आज तसं नाई. उजवा पाय माती उकरून राह्यला. डावा बाजूले पडला. मेल्या कोंबडीची मान पडते तसा पडला."

मले कागद पाहायची गरज पडली नाई. नागपूरच्या वॉर्डात मी असे पाय पाह्यले होते. पण उकंडाच्या वेळी मी घाई केली होती, आता घाई करायची नवती. मी म्हटलं, "जमनी, तू आता धावत जा. बाभळीचा काटा घे. सासऱ्याच्या दोन्ही तळपायाले टोच. कोणता पाय ओढते ते पाहा. त्याले उजव्या कुशीवर वळव, डोक्याखाली गोधडी दे. पाठीवर ठेवायचं नाई. अन् चिंचेचं पाणी कोणी पाजत असंल तं पाजू द्यायचं नाई. काई बी कर, पण पाजू द्यायचं नाई. मंग वापस ये. मी फोन ठेवत नाई."

ती गेली. मी फोन कानाले लावून बसली. पावणेबाराचे बारा झाले. रामधन दोनदा म्हणे, "बाई, लाइन किती वेळ अडवून ठेवू? चंद्रपूरवाला ओरडून राह्यला."

"ओरडू दे. होळी हाये, साऱ्याइनं ओरडावं."

मंग मी फुलचंदले म्हटलं, "बाबू, तिथी ट्रक उभा हाये का?"

"कोळशाचा हाये, भरलेला. आता स्टेशनवर निघंल."

"त्याच्यावर बाज टाका अन् नेमसिंगले पाठवा."

"तुम्ही मजाक करून राह्यल्या का बाई? तो काई खाणीचा माणूस नाई. सायेब मले घरी बसवंल. अन् पायावरून कोणी रोग सांगते का? झिंगलेल्या माणसाचा पाय बी झिंगलेलाच राहीन."

"उकंडा तं खाणीचा होता ना?" मी म्हटलं. "त्याले कुठी देल्ता ट्रक तुम्ही? बैलगाडीत पाठवला."

मंग फुलचंद म्हणे, पण हळू म्हणे, "चिंचेचं पाणी तुम्हीच सांगतलं होतं बाई."

कोणीतरी एक दिवस हे म्हणंल, हे मले ठाऊक होतं. चार महिने मी त्याचीच वाट पाहत होती. कंपाउंडर बाकड्यावर हासत होता, बाहेर पोट्टे डबे वाजवत होते. मी म्हटलं, "हो. मीच सांगतलं होतं. तुम्ही दारू म्हटलं, मी चिंच म्हटलं, अन् आपण दोघांनी मिळून त्याले मारला. त्याच्याचसाठी आज ओरडून राह्यली मी. आता ट्रक देता का नाई ते सांगा."

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, अन् दुरून कोणाले तरी सांगताना ऐकू आलं, "रिकामा नको करू, वरूनच बाज बांध. रस्सी आण." ट्रक निघतपर्यंत मंग तो माणूस एकदा बी "कोण बोलून राह्यलं" म्हणाला नाई.

जमनी धापा टाकत आली. म्हणे, उजवा पाय ओढला, डावा नाई ओढला. डाव्यात काटा तसाच राह्यला, तिनंच उपटून काढला. अन् सासरा मोठ्यानं घोरून राह्यला.

"पाणी?"

"सासू पाजूनच राह्यली होती. दोघी जणींनी तोंड धरलं होतं. मी सांगतलं, कोणी ऐकलं नाई. मंग मी लाथ मारली."

"कोणाले?"

"गडव्याले," जमनी म्हणे. "सासूच्या हातातला गडवा लाथेनं उडवला बाई. साऱ्या तांड्यानं पाह्यलं."

मी तिले शाबास म्हणाली नाई. म्हणायले पाहिजे होतं. मी म्हटलं, "ट्रकवर चढ अन् त्याच्याजवळ बस. कुशीवरून पाठीवर येऊ देऊ नको."

दीड वाजता ट्रक आला. कोळशाच्या ढिगावर बाज, बाजेवर नेमसिंग, अन् पायापाशी जमनी, घुंगट छातीपर्यंत ओढलेला. सासू बिजलीबाई ड्रायव्हरजवळ बसली होती, तिनं उतरल्या उतरल्या मलेच सांगतलं, "ह्या पोरीनं आमचं नाक कापलं." मी तिले बाजूले केलं. बुढ्याचं तोंड धुतलं, तवा रंगाखाली माणूस दिसला. भला मोठा, पांढऱ्या मिशांचा. उजवी मिशी जागेवर, डावी खाली ओघळलेली.

डॉक्टर चार वाजता आले. पाठीच्या मणक्यातून सुईनं पाणी काढलं, ते लाल निघालं. मले म्हणाले, "मेंदूत रक्त सांडलं हाये. नागपूरले न्यायचं तं रस्त्यातच जाईन. इथीच ठेवू. छाती साफ हाये याची, हे नशीब." मी म्हटलं, "नशीब नाई, लाथ हाये." त्याइले काई समजलं नाई. मंग मी सारं सांगतलं. डॉक्टर खोलीच्या दाराशी गेले, घुंगटाकडं पाहून हात जोडले अन् कामाले लागले.

तिसऱ्या दिवशी बुढ्यानं डोळे उघडले. पाचव्या दिवशी डॉक्टरनं गिळायची परीक्षा घेतली, म्हणाले, "घट्ट पेज, उजव्या बाजूनं, चमचा-चमचा, बसवून." झालं, माह्या जिवाले नवा घोर. बुढा तोंडच उघडेना. बिजलीबाईनं पाजून पाह्यलं, त्यानं भिंतीकडं तोंड फिरवलं. पोरगा रूपसिंग दुसऱ्या तांड्यातून धावत आलता, त्यानं समजावलं, हात जोडले, बुढ्यानं डोळे मिटून घेतले. मी चमचा घेऊन गेली, त्यानं दात आवळले. नाकातून नळी घातली तं चांगल्या हातानं उपटून फेकली. एकदा नाई, तीनदा. मी त्याले बी बोलली. "मरायचंच होतं तं इतक्या लोकाइले कायले धावाडलं?" काई फरक नाई. सारे म्हणत, बुढ्याचं डोकं गेलं. डॉक्टर मले बाजूले घेऊन म्हणाले, "असं अजून दोन दिवस चाललं तं हातचा जाईन."

सातव्या दिवशी दुपारी मी वॉर्डात गेली तं काय पाहते. जमनी खाटेवर बसली, मांडीवर पेजेची वाटी. घुंगट तसाच, पार खाली ओढलेला, मान पायाकडं. डाव्या हातानं तिनं बुढ्याची हनुवटी चाचपली, उजव्या हातानं चमचा नेला, अन् बुढ्यानं तोंड उघडलं. गिळलं. परत उघडलं.

मले आनंद व्हायले पाहिजे होता. पण मी नर्स हाये, मले चमचाच दिसला, आंधळेपणानं चाललेला. मी धावली. "अवं, घुंगट वर कर. न पाहता पाजशीन तं नाकात घालशीन. इतक्यावर आणला त्याले अन् आता लाजून मारते का?" अन् मी माह्या हातानं तिचा पदर वर करायले गेली.

जमनीनं माह्यं मनगट धरलं. दुबळी पोरगी, पण पकड काय होती. म्हणे, "नको बाई. मी पाहत नाई म्हणून तं तो खाऊन राह्यला."

मी बुढ्याकडं पाह्यलं. माह्या आवाजानं त्यानं परत भिंतीकडं तोंड फिरवलं होतं. चांगल्या हातानं डाव्या गालावरची पेज पुसून राह्यला होता, पण पुसली जात नवती, ओघळून मिशीत येत होती. हा माणूस तांड्यापुढं उभा राहून लेंगी म्हणणारा. अन् आम्ही सारे, त्याची बायको, पोरगा, मी, चमचा घेऊन त्याच्या वाकड्या तोंडाकडंच टक लावून पाहत होतो. पडलं का, गळलं का, गिळलं का. त्याचं डोकं गेलं नवतं. त्याले लाज वाटून राह्यली होती.

घुंगट चांगला, असं मी म्हणून नाई राह्यली. मी त्याच्यावर तवा बी चिडत होती अन् आज बी चिडते. पण त्या पोरीनं त्याच्यातून काय काढलं, ते मले नर्स होऊन बी सुचलं नाई. तोच घुंगट, ज्याच्यासाठी मी तिले फोनवर वाट्टेल ते बोलली होती.

जमनीनं सात दिवस डोळ्याले डोळा लावला नवता. वाटी अर्धी राह्यली अन् ती बसल्या जागी डुलायले लागली, चमचा हातातून गादीवर पडला. मी तिले खाली चटईवर निजवलं. बुढा भिंतीकडं पाहून राह्यला होता. वाटीत अर्धी पेज होती, अन् ती पोटात जायलेच पाहिजे होती.

माह्या बापानं मले मान वर करून चालायले शिकवलं. कोणापुढं खाली पाहायचं नाई म्हणे, अन् मी पाह्यलं बी नाई कधी. मी खाटेवर जमनीच्या जागी बसली. डाव्या हातानं हनुवटी चाचपली, गरम होती, दाढी टोचली. चमचा भरला. अन् मान खाली घालून मी बुढ्याच्या पायाकडं पाह्यलं. डाव्या पायाच्या भेगा. उजव्याच्या करंगळीले नख नाई. जमनीनं सांगतलं तसंच.

चमचा हलका झाला. मी पायाकडंच पाहत राह्यली अन् दुसरा भरला.